घर भाड्याने देण्यापूर्वी: पहिल्यांदाच घरमालक होणाऱ्यांसाठी

चिंचवडमधला आमचा जुना फ्लॅट पहिल्यांदा भाड्याने दिला, तेव्हा मी रंग काढला, नळांचे वायसर बदलले, किचनच्या ट्रॉल्यांना तेल दिलं आणि घर तयार झालं असं समजलो. बाथरूममध्ये गॅस गीझर होता. आम्ही नऊ वर्षं तोच वापरला होता. बादली भरून घ्यायची, गीझर बंद करायचा, मग दाराला कडी लावायची. ही पद्धत घरात कुणी कुणाला मुद्दाम शिकवली नव्हती, अंगवळणी पडली होती.

राहायला इंजिनिअरिंगची चार मुलं आली. डिसेंबरात गार वारा येतो म्हणून त्यांनी खिडकीच्या काचपट्ट्यांवर वर्तमानपत्र चिकटवलं आणि कडी लावून, गीझर चालू ठेवून शॉवरखाली आंघोळ करू लागली. एका सकाळी त्यातला एक आत कोसळला. बाकीच्यांनी दार तोडलं म्हणून वाचला. त्याचे वडील बार्शीहून आले. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्हाला माहीत नव्हतं का हो?"

माहीत होतं, पण ते आमच्या सवयीत होतं. मुलांना दिलेल्या घरात त्याचा पत्ता नव्हता.

आपण राहतो त्या घराच्या खोडी आपल्याला पाठ असतात. कुठला स्विच दाबायचा नाही, कुठल्या फरशीवर पाय जपून ठेवायचा, कुठला प्लग हलवला की ठिणगी उडते, सगळं. भाडेकरूला यातलं काही ठाऊक नसतं, आणि ठाऊक असावं ही अपेक्षाही चुकीची आहे. म्हणून खालच्या पायऱ्या वाचताना प्रत्येक खोलीत जाऊन एकच प्रश्न विचारा: इथे आपण काय जपून करतो? जिथे उत्तर सापडेल तिथे दुरुस्ती निघते.

पायरी १: मंजूर नकाशा काढून बघा

सोसायटीतला सरळ फ्लॅट असेल तर हे काम अर्ध्या तासाचं. भोगवटा प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा सोसायटीकडे किंवा बिल्डरच्या फाइलमध्ये असतो. नसेल तर महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात मागता येतो. नकाशात जे 'बेडरूम' आहे तेच आपण बेडरूम म्हणून देतोय ना, एवढं बघायचं.

खरी गडबड होते ती स्वतंत्र बंगला, वाडा किंवा चार मजली 'खासगी इमारत' असलेल्यांची. तळाच्या पार्किंगला भिंती घालून दोन खोल्या, गच्चीवर पत्र्याची शेड, डक्टच्या जागेत बाथरूम, जिन्याखाली 'सिंगल रूम'. भाडं चांगलं येतं, शेजारीही तेच करतात. मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागाला २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, ज्याला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. मुंबईला तिची स्वतःची २०३४ ची नियमावली. दोन्हींत पार्किंग म्हणून मंजूर झालेली जागा ही पार्किंगच. तिथे माणूस झोपवला तर ते अनधिकृत बांधकाम आणि अनधिकृत वापर, दोन्ही होतं. पालिकेची नोटीस हा त्यातला लहान त्रास. दुर्घटना घडली तर पहिला कागद मागतात तो मंजूर नकाशा.

मोजमापाचा एक साधा आकडा लक्षात ठेवा: राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर धरली आहे, म्हणजे साधारण ९ फूट. पोटमाळा यात बसत नाही. पोटमाळा सामानासाठी असतो.

पायरी २: वीज, आणि इथे घाई नको

मिस्त्री बोलावताना 'वायरमन' आणि 'परवानाधारक ठेकेदार' यातला फरक समजून घ्या. नळ, वीज, रंग सगळं करणारा ओळखीचा माणूस बल्ब बदलायला ठीक. भाड्याच्या घराची वायरिंग तपासायला परवाना असलेला ठेकेदारच बोलवा आणि त्याच्याकडून सहीशिक्क्याचा चाचणी अहवाल घ्या. पुढे कधी प्रश्न आला तर हा कागद तुमच्या बाजूने बोलतो.

तो आल्यावर त्याला फक्त 'सगळं चेक करा' म्हणू नका. समोर उभं राहून हे विचारा.

पहिलं, आरसीसीबी आहे का? पुष्कळ मालकांना वाटतं की एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा खटका, लावली म्हणजे काम झालं. एमसीबी वायरला वाचवते, माणसाला नाही. करंट अंगातून जमिनीत जायला लागला की तो ओळखून क्षणात वीज तोडते ती आरसीसीबी. घरासाठी ३० मिलीअँपिअरची हवी, नियमातही हाच आकडा आहे. तिच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबा. खटका खाली पडला तर ठीक, नाही पडला तर ती शोभेची वस्तू आहे. माझ्या एका नातेवाइकाच्या घरी हे बटण सोळा वर्षांत कुणी दाबलं नव्हतं. दाबलं तेव्हा काहीच झालं नाही.

दुसरं, एमसीबी किती अँपिअरची आणि तिच्या मागची वायर किती जाडीची? ही चूक इतकी नेहमीची आहे की ती मी मुद्दाम खोलात सांगतो. गीझर आणि इस्त्री एकदम लावली की एमसीबी पडते. भाडेकरू तक्रार करतो. वायरमन येतो, १६ ची काढून ३२ ची बसवतो, दोनशे रुपये घेतो. आता ती पडत नाही, सगळे खूश. पण भिंतीतली वायर तीच आहे, अडीच चौरस मिलिमीटरची किंवा जुन्या घरात त्याहून बारीक. पूर्वी एमसीबी पडायची, आता वायर तापते. प्लॅस्टरच्या आत, कुणाला दिसत नाही अशी. साधारण हिशेब असा: दिवे-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरच्या प्लगला अडीच, एसी आणि मोठ्या गीझरला चार आणि त्यांची वाट बोर्डापासून वेगळी. एमसीबी वारंवार पडत असेल तर ती काहीतरी सांगतेय. तिचं तोंड बंद करू नका.

तिसरं, अर्थिंग खरं आहे का? जुन्या घरांत प्लगच्या वरच्या जाड भोकाच्या मागे काहीच जोडलेलं नसतं. त्याहून वाईट म्हणजे मिस्त्रीने न्यूट्रलचीच एक तार वळवून तिथे जोडलेली असते. टेस्ट लॅम्प लावला तर तो झकास पेटतो, मालकाला वाटतं अर्थिंग उत्तम आहे. पण उद्या बोर्डाकडून येणारी न्यूट्रल तुटली तर फ्रिजच्या आणि वॉशिंग मशीनच्या पत्र्यात थेट करंट उतरतो. म्हणून लॅम्पवर विश्वास न ठेवता एक-दोन प्लग उघडून मागची जोडणी डोळ्यांनी बघायला लावा.

जुने चिनी मातीचे, तार बांधायचे किटकॅट फ्यूज अजून असतील तर ते आता काढाच. त्यात भाडेकरू तांब्याची जाड तार गुंडाळतो. तुम्हीही गुंडाळली असेल.

मंजूर भारही बघून घ्या. वीजबिलावर तो छापलेला असतो. दोन खोल्यांत सहा मुलं ठेवणार आणि प्रत्येक खोलीत एसी देणार असाल, तर एक किलोवॉटच्या मंजुरीवर ते चालवणं म्हणजे मीटरपासूनच आगीची तयारी. महावितरणकडे भार वाढवून घ्यायचा अर्ज ऑनलाइन होतो.

पायरी ३: गीझर आणि गॅस

गॅस गीझरबद्दल माझं मत पक्कं आहे: भाड्याच्या घरात बाथरूमच्या आत तो नकोच. ज्वाळेला हवा लागते. बंद, लहान जागेत हवा पुरत नाही तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. गरम वाफेत जरा गरगरल्यासारखं वाटतं आणि माणूस बसतो, तो उठत नाही. पाणी चालूच राहतं, त्यामुळे बाहेरच्यांना वाटतं आंघोळ चाललीय. ठेवायचाच असेल तर गीझर बाहेर, ड्राय बाल्कनीत हवेशीर जागी, आणि आत फक्त गरम पाण्याची पाइप. 'खिडकी उघडी ठेवा' असा कागद चिकटवून भागत नाही. थंडी वाजली की माणूस खिडकी बंद करतोच.

विजेचा गीझर दिलात तरी दोन गोष्टी बघा. त्याचा खटका बाथरूमच्या बाहेर, कोरड्या भिंतीवर हवा. आणि खालच्या बाजूला जो सेफ्टी व्हॉल्व असतो, त्यातून अधूनमधून थेंब पडतात. ते दाब बाहेर सोडण्यासाठीच पडतात. पण 'गीझर गळतोय' म्हणून प्लंबर येतो आणि तिथे बूच मारतो. मग आत दाब कोंडतो. बूच मारलेला गीझर मी स्वतः दोन घरांत पाहिलाय, आणि दोन्हीकडे मालक म्हणाले की प्लंबर फार हुशार आहे.

गरम पाण्याची सोयच दिली नाही तर सुरक्षित राहाल, असंही समजू नका. भाडेकरू बाजारातून रॉड आणतो आणि लोखंडी बादलीत टाकतो.

सिलिंडर असेल तर नळीवर छापलेलं वर्ष वाचा. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. सिलिंडर उभा, शेगडी त्याच्यापेक्षा उंच ओट्यावर, आणि नळी ट्रॉलीच्या मागून वळसे घेत नेलेली नको. शेगडीखालचं कपाट दिसायला सुंदर असतं, पण त्यात सिलिंडर ठेवणार असाल तर खाली जाळी हवी. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो तळाशी साचतो. गळतीसाठीचा क्रमांक १९०६. तो दारामागे लिहून ठेवा.

पायरी ४: आग लागली तर बाहेर कुठून?

हा प्रश्न घराच्या आतल्या टोकाला, सर्वांत लांबच्या पलंगावर बसून विचारायचा.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखली भागात एका इलेक्ट्रिक-हार्डवेअरच्या दुकानाला पहाटे आग लागली आणि पोटमाळ्यावर झोपलेले एकाच कुटुंबातले चौघे गेले. शटर खाली, सामान खाली, माणसं वर. दुकानाचा गाळा भाड्याने देणाऱ्यांनी हे चित्र डोळ्यांपुढे ठेवावं. 'रात्री तिथेच झोपतो, राखणही होते' असं भाडेकरू म्हणाला की मालकाला बरं वाटतं. तिथेच नाही म्हणायचं.

पेइंग गेस्ट ठेवणाऱ्यांची मोठी चूक प्लायवूडच्या पार्टिशनची. हॉलचे तीन भाग केले की मधल्या भागाला खिडकी राहत नाही आणि बाहेर पडायला दुसऱ्याच्या खोलीतून जावं लागतं. त्या खोलीला आतून कडी असते. प्लाय जळायला वेळ लागत नाही आणि धूर तर त्याच्याही आधी पोचतो. खिडकी नसलेली खोली झोपायला देऊ नका, ती कितीही स्वस्तात देत असलात तरी.

खिडकीला बॉक्स ग्रील असेल तर त्यात आतून उघडणारं एक दार हवं, मोठा माणूस बाहेर निघेल एवढं. कुलूप लावलंच तर किल्ली तिथेच, खिळ्याला टांगलेली. 'किल्ली मालकाकडे आहे' या वाक्याचा अर्थ आग लागल्यावर कळतो.

जिना मोकळा ठेवा. चपलांचे रॅक, सायकली, जुनी गादी, आणि आता नवीन भर म्हणजे जिन्याखाली चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक स्कूटर. तिथेच मीटरचा बोर्डही असतो. म्हणजे आगीची दोन कारणं नेमकी सगळ्यांच्या एकमेव वाटेवर. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत गोरेगावच्या उन्नतनगरमध्ये पहाटे आग लागली तीही तळाला, पार्किंगमधल्या सामानाला आणि गाड्यांना. धूर वर गेला आणि वरच्या मजल्यांवरचे लोक अडकले. स्कूटरला चार्जिंगची जागा द्या, पण जिन्यापासून लांब, वेगळ्या एमसीबीवर, आणि एक्स्टेंशनची वायर खिडकीतून खाली सोडणं सरळ बंद करा.

एक एबीसी पावडरचं अग्निशामक घ्या. किचनच्या आत नको, किचनच्या दाराबाहेर टांगा, म्हणजे आग आत असताना हात पोचतो. काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, एवढं वर्षातून एकदा बघायचं.

अख्खी इमारत वसतिगृहासारखी चालवत असाल तर २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम तुम्हाला थेट लागतो. आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं 'नमुना ब' प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. कागदापुरतं प्रमाणपत्र आणून देणारेही भेटतात. पंप चालू करून पाणी बाहेर आलेलं स्वतः बघा.

पायरी ५: स्लॅब, खांब, ओल

छताला खपल्या निघून सळई दिसत असेल तर रंगाने झाकू नका. गंजलेली सळई फुगते आणि भोवतालचं काँक्रीट ढकलून पाडते. पलंगावर पडलेला स्लॅबचा तुकडा मी हातात घेतलाय. चहाच्या बशीएवढा होता आणि वरवंट्यासारखा जड.

सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. तुमच्या सोसायटीने केलंय का, अहवालात तुमच्या फ्लॅटबद्दल काय आहे, ते सचिवांकडून मागून वाचा. आपण तिथे राहत नाही म्हणून सभेला जात नाही आणि अहवालही वाचत नाही, हे बहुतेक घरमालकांचं होतं.

भिंत पाडताना तर फारच जपा. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरची चार मजली इमारत कोसळून १७ जण गेले. तळमजल्यावर अंतर्गत फेरबदलाचं काम चालू होतं आणि त्यात इमारतीच्या आधारालाच धक्का लावल्याचा आरोप झाला. भाडेकरूने 'दुकान मोठं दिसायला हा खांब जरा तासू का' असं विचारलं तर हसून सोडून देऊ नका, लेखी नकार द्या.

बाल्कनीचा कठडा मोजा. चार फुटांपेक्षा कमी असेल, किंवा आडव्या पट्ट्यांचा असेल ज्यावर लहान मूल शिडीसारखं चढेल, तर बदला. बंगल्यात जमिनीखालची पाण्याची टाकी असेल तर तिच्या झाकणाला कुलूप हवं. बाथरूमची गुळगुळीत फरशी पावसाळ्यात कंबर मोडते, आणि भाडेकरूंमध्ये आजी-आजोबाही असतात.

पायरी ६: करारात हे लिहा

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. एजंटने आणलेला छापील मसुदा तसाच सही करू नका. त्यात 'किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी' असं असतं, पण किरकोळ म्हणजे काय ते नसतं. स्पष्ट लिहा: वायरिंग, गीझर, गॅसची नळी, स्लॅब, गळती हे मालकाकडे. ताबा देताना प्रत्येक बोर्डाचे, गीझरचे, छताचे फोटो तारखेसह काढून दोघांनी ठेवा. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवायला विसरू नका.

कितीही भांडण झालं तरी पाणी किंवा वीज तोडायची नाही. याच कायद्याच्या कलम २९ मध्ये ते मना आहे. आणि घर बघायला जायचं तर आधी कळवून, योग्य वेळी. आपल्याकडे किल्ली आहे म्हणून दार उघडून आत शिरणारे मालक असतात, त्यांना भाडेकरू कधीच खरं काही सांगत नाही.

पायरी ७: पहिल्या दिवशी अर्धा तास

किल्ली देताना भाडेकरूसोबत घरभर फिरा. मेन स्विच दाखवा, आरसीसीबीचं बटण त्याच्या हाताने दाबायला लावा, पाण्याचा मेन कॉक, रेग्युलेटर, ग्रीलचं दार. दारामागे एक कागद: आग १०१, तातडीची मदत ११२, गॅस १९०६, वीज १९१२, आणि तुमचा स्वतःचा नंबर. मग दरवर्षी मे महिन्यात, पाऊस येण्याआधी, एकदा चक्कर.

भाडेकरू घर सोडतो तेव्हा लगेच रंगारी बोलावू नका. अनामत देण्याआधी जाणाऱ्याला चहा पाजा आणि विचारा, "या घरात तुम्ही काय जपून करत होतात?" गेल्या वर्षी जाताना आमच्या भाडेकरू बाई म्हणाल्या, "मागच्या बेडरूमचा दुसरा स्विच ओल्या हाताने लावत नाही आम्ही, मुंग्या येतात." दोन वर्षं त्या तशाच राहिल्या, मला कधी बोलल्या नाहीत, आणि मीही विचारलं नव्हतं. बोर्ड उघडला तर आतली भिंत ओली होती. वरच्या मजल्याच्या बाथरूमचं पाणी तिथपर्यंत उतरलं होतं.